पिशवी राहू द्या म्हणाले

सोमवार, दिवेलागणीला

लेकीला घेऊन पाटोद्याला गेलते. संगीच्या अंगावरून लई जातंय. माझी गर्भाची पिशवी काढली तोच डॉक्टर. आज म्हणतो, "मावशी, नव्या अभ्यासात दिसलंय, एवढ्यासाठी पिशवी काढू नये. गोळ्या आणि आराम, बस."

म्या इचारलं, "मग माझी कावून काढली?"

"तेव्हा आम्ही तसंच शिकलो होतो."

तसंच शिकले म्हणे! माझी कंबर तवापासून धरलीय, त्याचं काय?

बाहेर येऊन संगी म्हणली, "आई, ऊसतोडीत आराम कोण देतंय? मुकादम दुसरी नवरा-बायकोची जोडी बघंल."

खरंच हाय. डॉक्टरांचा नवा अभ्यास मुकादमाला कोण सांगणार? पिशवी गेली की दर महिन्याचा खाडा तरी टळंल, म्हणून उद्या ती दुसऱ्या डॉक्टराकडं पिशवी काढायला निघालीय. मीच सोबत जाणार. एकटीला कशी धाडू?