काचेच्या डोळ्यांचा क्रमांक

१२ सप्टेंबर, दुपार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. साष्टांग लिहायला सोपा, घालायला कठीण, हे आईचं बोलणं आठवून हसशील म्हणून मुद्दाम लिहिला. इकडे सगळं ठीक. मांजरीने तुझ्या खुर्चीवर ठाण मांडलंय आणि मी तिला उठवत नाही.

सरकारी इस्पितळाने काचेच्या डोळ्यांची निविदा काढली आहे, तीन वर्षांच्या कामाची. मिळाली तर आपला कारखाना तरेल, नाहीतर उन्हाळ्याआधी कुलूप. मी घाईघाईने अर्ज भरला, तो परत आला. सरकारी यादीत प्रत्येक धंद्याला एक क्रमांक असतो म्हणे, आणि आपली नोंद 'काचेच्या वस्तू' अशी. म्हणजे बरण्या, पेले आणि त्यांच्या पंगतीला आपण!

आठवडाभर ती यादी वाचत बसले. दोरखंड वळणारे, घंटा ओतणारे, मधमाश्या पाळणारे. वाचता वाचता वाटायला लागलं, की मी एका लांबलचक गल्लीतून चालले आहे, प्रत्येक दारावर आकडा आहे आणि आतून कामाचा हलका आवाज येतोय. शेजारी टेबलाचा खण उघडाच होता. त्यातले घारे, निळे, काळे डोळे छताकडे बघत पडले होते. त्यांच्यात ऊन शिरलं, की खोलीच झोपेत काहीतरी बघत असल्यासारखी वाटते. मी किती वेळ तशीच बसून राहिले कोण जाणे. आपलं दार काही सापडेना.

शेवटी नोंदणी कचेरीतल्या बाईंना फोन केला.

"अहो, एवढं डोकं कशाला शिणवताय? जास्त तास कशात जातात तुमचे? तेच मुख्य काम. त्याचा क्रमांक लावा."

घड्याळ समोर ठेवून बसले. गोळा फुंकायला दहा मिनिटं. रंगीत काड्यांनी बुबुळ रेखायला तू दोन तास घ्यायचीस. मला चार लागले, आणि एवढं करून तो डोळा शिळ्या माशाचा दिसतोय.

आता आडपडदा नको. सहा वर्षांपूर्वी नोंदणीचा अर्ज मीच भरला होता. 'मुख्य काम' या रकान्याशी पेन अडलं. तू दोन पावलांवर एका शिक्षिकेचं बुबुळ रेखत होतीस. मी विचारलं नाही. 'काच फुंकणे' लिहून मोकळी झाले, कारण काच मी फुंकते. प्रमाणपत्र भिंतीवर लागलं तेव्हा तू ते वाचलंस, काड्यांचा डबा उचललास आणि गेलीस. मी मात्र सगळ्यांना सांगत सुटले, की ताईला परगावची हवा मानवते. खोटं होतं ते. मला तुझा हेवा वाटायचा. माणसं आरशात बघून रडायची ती तुझ्या कामामुळे, माझ्या नाही. चुकलं माझं, ताई.

क्रमांक सापडला आहे, 'कृत्रिम अवयव' या सदरात. त्याच्याखाली 'मुख्य कारागीर' असा रकाना आहे, नाव आणि सहीसाठी. तो कोरा ठेवून अर्ज सोबत पाठवते आहे. मुदत तीस तारखेची.

यायचं नसेल तर अर्ज फाडून टाक. काम जाईल, जाऊ दे. पण फाडण्याआधी त्या रकान्यात एकदा तुझं नाव लिही. ते तिथे लिहिलं गेलेलं मला हवं आहे.

मांजरीला आत्ताच उठवलं.

तुझी धाकटी,
नुसती काच फुंकणारी