दहांपैकी तीन सुरुवाती

प्रिय सर,

काल काकू तुमच्या टिपणांची फाइल घेऊन घरी आल्या होत्या. तुम्ही गेल्याला वर्ष होईल, म्हणून कॉलेज त्याचं पुस्तक काढतंय. तपासून सही मी करायची आहे. "तू बघितलंस की झालं. ह्यांचं तेवढं तरी मागे राहील," म्हणाल्या. मूलबाळ नाही, आणखी काय म्हणणार बिचाऱ्या? मला चहासुद्धा धड करता आला नाही. तुमच्याशी बोलल्याशिवाय ती सही माझ्याच्याने होणार नाही, म्हणून लिहायला बसले.

आठवतं, मी एम.ई.ला असताना तुम्ही फळ्यावर एकाखाली एक तीन धरणं काढली होतीत? दार दुप्पट उघडलं म्हणून पाणी दुप्पट येत नाही, वर सोडलेलं खाली पोचायला वेळ लागतो. तिन्ही धरणांचं गणित एकदम सोडवायला गेलं की कॉलेजचा कॉम्प्युटर मान टाकायचा.

"मग तुकडे कर!" तुम्ही म्हणालात. मखमलाबादच्या तुमच्या मळ्यात तुमचे तिघे काका आपापली भाजी आपापल्या अकलेने भिजवायचे. तुमचे आजोबा, आबा, कुणाच्या वाफ्यात पाय ठेवायचे नाहीत. फक्त सांगायचे, आज पाणी जपून, आज सैल सोडा. काका पुन्हा ठरवायचे, आबा पुन्हा सांगायचे, असं करत करत विहिरीचं आणि तिघांचं जमून यायचं. "खाली तीन धरणं, वर एक आबा. एवढंच आहे गं आपलं शास्त्र!" केवढे हसलो होतो!

तुमचा सिद्धांत होता की सुरुवातीचा अंदाज कुठूनही घ्या, फेऱ्या होत होत वरचा आणि खालचे एकमतावर येतातच. तपासायला तुम्हीच मला दहा सुरुवाती लिहून दिल्यात. सात जमल्या. उरलेल्या तिन्हींत आबा एक सांगत, धरणं भलतंच करत, आकडे नुसते वरखाली उड्या मारत राहिले. मला वाटलं, माझाच प्रोग्राम चुकलाय. सरांची पद्धत चुकेल कशी? चूक सापडली की तिन्ही पुन्हा चालवू, असं म्हणत मी प्रबंधाला सातच आलेख लावले. भित्री मेली!

चूक सापडलीच नाही, सर. पुढे तिथेच शिकवायला लागले तेव्हा सगळा प्रोग्राम नव्याने लिहिला. पुन्हा त्याच तीन! तोवर तुमचं डायलिसिस सुरू झालं होतं. आजारी माणसाला काय सांगायचं?

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तुम्ही विचारलंत, "सुनंदा, त्या दहाही चालवल्या होत्यास ना?"

"हो सर. सगळ्या जमल्या."

तुम्ही मान हलवलीत आणि कूस बदललीत. मला वाटलं, चला, समाधान झालं.

काल सिद्धांताच्या पानावर, समासात, पेन्सिलीने लिहिलेलं तुमचं अक्षर दिसलं: 'सातच आलेख. तीन कुठे? सुनंदाला विचारणे.' खाली तारीख मी प्रबंध दिला त्याच महिन्याची. म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला माहीत होतं? मग विचारलं का नाहीत हो? एक रपाटा घातला असतात तरी चाललं असतं! कुठून निघालं की जमत नाही, का जमत नाही, हे दोघांनी मिळून शोधलं असतं. खरं संशोधन कदाचित तेच होतं. मी तुम्हाला जपलं, तुम्ही मला जपलंत, आणि कामाचं वाटोळं झालं. माझा राग येतो सर, आणि खोटं कशाला बोलू, तुमचाही येतो.

आता शब्द देते. सिद्धांत जिथून जमतो तेवढ्यापुरताच लिहीन. तिन्ही फसलेले आलेख छापीन आणि ते मी लपवले होते, हे खाली माझ्या नावानिशी. पण त्याआधी काकूंना समोर बसवून सांगणार आहे, की तुम्ही शेवटचं जे विचारलंत, त्याला मी खोटं उत्तर दिलं. त्यानंतर त्या मला दारातसुद्धा उभं करणार नाहीत कदाचित. तरी सांगणार.

तुमची विद्यार्थिनी,
सुनंदा