बाबांचे चौसष्ट आवाज

१९ ऑगस्ट

धाकट्या,

आशीर्वाद लिहायची रीत आहे, म्हणून लिहिले. आई माझ्याकडे रुळतेय, खोकला कमी आहे. माझी पाठ तशीच. खुशाली संपली.

बाबांचा सिंथेसायझर परवा पोचला. सोबत तुझी चिठ्ठी: "ताई, बॅटरी बदलून घेतलीय, तुझं काम वाचवलं." कोणाकडून बदलून घेतलीस, तर टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून. सख्खी बहीण गेली वीस वर्षं जुने सिंथेसायझर दुरुस्त करून पोट भरते, हे तुला आठवलं नाही?

अरे, वाद्याची सगळी मेमरी त्या बॅटरीवर जगते. बाबांनी वर्षानुवर्षं बटणं फिरवून बनवलेले चौसष्ट आवाज तिच्यात होते. बॅटरी काढण्याआधी ते कॅसेटवर उतरवून घ्यायचे असतात. दहा मिनिटांचं काम. मी चौसष्टही लावून पाहिले. नुसती खरखर.

वर फोनवर मलाच म्हणालास, "वाजतंय ना? मग कशाला आकांडतांडव करतेस?" मी फोन आपटला. इथून तुझ्या कानाखाली देता येत नाही, म्हणून हे पत्र.

आज सकाळी मागचं झाकण उघडलं. तुझ्या माणसाने काम सफाईदार केलंय, त्याचीही चीड आली. काढलेली बॅटरी त्याने पिशवीत घालून आतच चिकटवली होती. तिला मीटर लावला. शून्य.

अशी बॅटरी चार दिवसांत मरत नाही. ती केव्हाच मेली होती. त्याने हात लावला तेव्हा पुसायला आत काही उरलंच नव्हतं.

इथवर येऊन दोनदा कागद चुरगळला.

दोन वर्षांपूर्वी बाबांचा फोन आला होता. "बॅटरी संपत आल्याचं दाखवतोय गं. सवड काढून ये." मी म्हटलं, "बाबा, गिऱ्हाइकांची रांग लागलीय. पुढच्या महिन्यात बघते." तो महिना काही उगवला नाही.

मघाशी आईला विचारलं. म्हणाली, "शेवटचं वर्षभर त्यांनी हात लावला नाही. बोटं दुखतात म्हणायचे."

बोटं दुखत नव्हती रे. शेवटपर्यंत पत्ते पिसत होते, तूच बसायचास डाव मांडून. त्यांनी चालू करून पाहिलं असणार, खरखर ऐकली असणार, आणि मला लागेल म्हणून गप्प राहिले. चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

आईला यातलं काही बोलू नकोस. तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. त्यातला बराचसा तुझ्या वाट्याचा नाही, कळतंय मला. पण दुसऱ्या कोणावर काढू?

ताई