अर्ध्या मैदानावरचं सोयाबीन

सर,

यंदाही आपण हरलो. तुम्ही असतात तर पहिल्यांदा हेच विचारलं असतंत, म्हणून आधी सांगून टाकतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आपल्या कॉलेजचा बास्केटबॉलचा सामना संपला की मला तुमच्याशीच बोलावंसं वाटतं. घरी बोलायची सोय नाही. बायको म्हणते, "पोरं लोकाची, कॉलेज लोकाचं, आन् घसा मात्र तुमचा बसून राह्यला." तिचं काही चुकत नाही. माझं बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, पन्नाशी उलटली आहे, माझा स्वतःचा मुलगा त्या मैदानावर कधी फिरकला नाही. तरी सामन्याच्या दिवशी दुपारी मी शटर ओढून घेतो आणि निघतो. गिऱ्हाइकं आता विचारतसुद्धा नाहीत. कॉलेजकडे बघतात, मैदानातून आरडाओरडा ऐकू आला की आपापले कागद घेऊन उद्या येतात.

हा नाद तुम्हीच लावलात. मी तीन वर्षं न चुकता सरावाला येत होतो आणि तीन वर्षं माझ्या हातातून चेंडू निसटत होता. एक दिवस तुम्ही मला रिंगखाली थांबवलंत आणि सगळ्यांच्या देखत म्हणालात, "बाळा, तुला खेळ येत न्हाई आन् येणार बी न्हाई. पण तुझा आवाज पार राजूरच्या देवळापत्तोर जातो. तू आपला वरडत जा." पोरं हसली. मी घरी जाऊन रडलो, दोन दिवस तोंड दाखवलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी सामना होता तर येऊन ओरडलो. पुढं माझ्या लग्नात लोकांनी कुकर दिले, भिंतीवरची घड्याळं दिली. तुम्ही नवाकोरा बास्केटबॉल दिलात, तोही रंगीत कागदात गुंडाळून. नवरीनं कागद सोडला आणि माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. तो चेंडू बरीच वर्षं धान्याच्या कोठीवर होता.

पण आज मला तुमच्या एका बोलण्याची फार आठवण येते आहे. मी कॉलेजात असतानाचे ऑक्टोबरचे दिवस. सोयाबीनची मळणी झाली आहे आणि कॉलेजच्या मागच्या शेतांतली माणसं ओलं सोयाबीन आपल्या मैदानावर पसरून बसली आहेत, कारण आसपास तेवढा मोठा सिमेंटचा तुकडा दुसरा नाही. मधल्या रेषेच्या अलीकडे चेंडू, पलीकडे धान्य, ही तुमची वाटणी. चेंडू धान्यात गेला तर ज्यानं घालवला त्यानं बूट काढून अनवाणी जायचं आणि आणायचा. मी घाईत होतो, तसाच बुटांनी आत शिरलो. तुमची शिट्टी वाजली. सगळे थांबले. तुम्ही जवळ येऊन अगदी हळू बोललात. "बूट काढ. त्या माउलीची माफी माग. तिचं वरीसभराचं हाय ते." खराटा घेऊन बसलेली बाई संकोचून म्हणाली, "राहू द्या मास्तर, लेकरू हाय." तुम्ही राहू दिलं नाहीत. त्या दिवशी तुम्ही माझ्याशी परत एक शब्द बोलला नाहीत, आणि मला पट्टी खाल्ल्यापेक्षा जास्त लागलं.

त्या वाटणीनं आपला संघ घडवला आणि बिघडवलाही. अर्ध्या मैदानावर सराव करून आपली पोरं रिंगजवळ वाघ व्हायची, हात नेमका बसायचा. पण पूर्ण मैदानावर पळायची सवयच नसायची. पहिल्या दोन क्वार्टरमध्ये आपण पुढं आणि चौथ्यात तोंडाला फेस. दर वर्षी तेच. मी ओरडून ओरडून सांगायचो, "पळा रे, पळा," आणि ती कंबरेवर हात ठेवून आभाळाकडे बघायची. मी तुम्हाला एकदा म्हणालोही होतो की सर, एक वर्ष धान्य बंद करा, बघा आपण कुठं जातो. तुम्ही म्हणालात, "जाऊ कुठं बी. पण ती माणसं कुठं जातील?" मला तेव्हा हे मास्तरकीचं बोलणं वाटलं होतं.

तुमच्यामागं वाटणी तशीच चालत राहिली, कुणी सांगायची गरज पडली नाही. यंदा मात्र कॉलेजला कुठूनसा निधी मिळाला. मैदानाला निळाहिरवा रंग मारला, चारी बाजूंनी जाळी उभी केली, दाराला कुलूप लावलं आणि पाटी ठोकली: धान्य वाळत घालण्यास सक्त मनाई. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. रंग वाळायच्या आधी मी दोनदा जाऊन बघून आलो. पोरांना पहिल्यांदाच पावसाळा संपल्यापासून पूर्ण मैदान मिळणार होतं. आणि संघही तसा होता, सर. तुम्हाला आवडला असता असा.

त्यातल्या कॅप्टनबद्दल सांगतो. उंचापुरा, डावखुरा, कमी बोलणारा. कॉलेजच्या मागंच त्याच्या बापाचं शेत. लहानपणी हा आईबरोबर त्याच मैदानावर धान्य राखायला यायचा, कोंबड्या हाकलायला. चेंडू धान्यात आला की हाच उचलून परत फेकायचा. फेकता फेकता एकदा थेट रिंगमध्ये गेला म्हणतात, ते खरं की माझ्यासारख्यांनी वाढवलेलं, देव जाणे. जिल्ह्यातली कॉलेजं मिळून आता एक साखळी स्पर्धा भरवतात, दसऱ्याच्या आधी सुरू होते आणि संक्रांतीच्या आसपास संपते. अंतिम सामन्याला विद्यापीठाच्या संघासाठी खेळाडू बघायला माणसं येतात. त्या पोराचं हे कॉलेजचं शेवटचं वर्ष. म्हणजे आपण अंतिम सामन्यापर्यंत पोचलो तरच त्याचं काही झालं असतं, नाहीतर त्याला कोण बघतो आमच्या तालुक्यात येऊन?

पहिले सामने आपण असे जिंकले की मला ओरडायला कारण उरलं नाही. पोरं चौथ्या क्वार्टरमध्ये घोड्यागत पळत होती. मधे एका फालतू संघाकडून हरलो, पाहुण्या मैदानावर झोपाळल्यासारखे खेळलो, आणि लगेच पुढच्या सामन्यात जालन्याच्या चांगल्या संघाला धुतलं. कॅप्टन रिंगखाली उभा राहिला की चेंडू त्याच्या हातात गेल्याबरोबर मी पाण्याची बाटली उघडायचो, बघायची गरजच नसायची. मी राजूरला जाऊन गणपतीला नारळ फोडून आलो. बायकोला सांगितलं, दुकानासाठी फोडला.

मग परतीचा पाऊस लांबला. मळणी उरकली होती, सोयाबीन ओलं होतं, आभाळ पुन्हा भरून येत होतं. सराव चालू होता, मी जाळीला टेकून बघत होतो, तेव्हा ट्रॉली आली. कॅप्टनचा बाप आणि शेजारचे दोघंतिघं, दर वर्षीसारखे. पोरं कडेच्या लहान दारानं ये-जा करायची, ट्रॉली जाईल त्या मोठ्या दाराला कुलूप. त्यांना वाटलं, नुसतं लावलं असेल, कुणी येईल किल्ली घेऊन. ते उभे राहिले. आत पोरगा पळत होता, बाहेर बाप उभा होता. शेवटी पोरगा खेळ सोडून ऑफिसात गेला. "एकच दिवस, सर. अर्धंच मैदान," एवढंच तो म्हणाला. त्याला सांगितलं की रंग खराब होईल, आणि नियम सगळ्यांना सारखा आहे. तो परत आला, जाळीपाशी गेला, बापाला काहीतरी बोलला. बापानं मान हलवली आणि ट्रॉली वळवली. त्यांनी सोयाबीन रस्त्याच्या कडेला पसरलं. संध्याकाळी पाऊस आला, ताडपत्री पुरली नाही. चार दिवसांनी त्याला कोंब फुटले.

दुसऱ्या दिवसापासून पोरगा सरावाला आला नाही. त्याच्याशिवाय आपण ओळीनं हरलो, मग एक सामना समोरच्यांच्या चुकांनी जिंकलो, आणि कसेबसे उपांत्य फेरीत घुसलो. मला राहवेना. मी त्याच्या घरी गेलो. ओसरीवर पोरगा आईसमोर सूप घेऊन बसला होता, काळे दाणे वेचत. त्यानं वर बघितलं नाही. बाप उठून उभा राहिला.

"या, बसा. काऊन आलात ते ठावं हाय मला. आधी चहा घ्या."

मी सांगितलं की भाऊ, पोराचं शेवटचं वर्ष आहे, फायनलला विद्यापीठाची माणसं येतात, एक सामना जिंकलो की झालं.

"मला समजत न्हाई का? समजूनच सांगून राह्यलो. तुमच्या मनात पाप न्हाई, बराबर हाय. पण म्या त्या जाळीच्या भाईर दुपारपत्तोर हुबा होतो. माझं लेकरू आत, आन् मी भाईर, चोरासारखा. माझ्या बापानं त्या मैदानावर धान्य वाळवलं, मास्तर सोता खराटा घेऊन मदतीला आल्ते. आता त्याच कॉलेजचं नाव छातीवर लावून ह्यानं नाचायचं? बिलकुल न्हाई."

"त्याला तरी विचारा," मी म्हणालो.

बापानं विचारलं. "जायचं का रे?"

पोरगा सुपाकडे बघत म्हणाला, "न्हाई."

तो स्वतःच्या मनानं नाही, बापाचं मन राखायला म्हणाला, हे मला तिथंच कळलं होतं, सर. बापालाही कळलं असावं, कारण त्यानं लगेच विषय बदलला आणि माझ्या दुकानाचं विचारलं. त्याची आई म्हणाली, "चहात साखर कमी पडली का?" मी म्हणालो, बरोबर आहे. मला रागही धरता येईना. कुणावर धरायचा? बापावर धरावा तर त्याची बाजू खरी, कॉलेजवर धरावा तर त्या पाटीवर सगळ्यात आधी खूश झालेला मीच. रस्त्यानं येताना मी तुमच्यावर चिडलो, हे सांगायला हवं. तुम्ही ती वाटणी कुठं लिहून ठेवली नाहीत, कुणाला पटवून दिली नाहीत, आपल्या एकट्याच्या शब्दावर चालवलीत आणि निघून गेलात.

उपांत्य सामना आपल्याच मैदानावर झाला. पोरांनी जीव काढला. चौथ्या क्वार्टरमध्येही पळत होती, तुम्ही पाहिलं असतंत तर डोळ्यांवर विश्वास बसला नसता. पण पळून पळून रिंगखाली आली की चेंडू द्यायला माणूस नव्हता. शेवटच्या मिनिटात दोनदा चेंडू रिंगच्या कडेवर फिरला आणि बाहेर पडला. दोन गुणांनी गेलो. पोरं खाली बसली. मी जाळीबाहेरून त्यांना उठा म्हणालो, पण माझंच बोलणं मला खोटं वाटलं. विद्यापीठाची यादी लागली त्यात आपल्याकडचं कुणी नाही. असणार कसं?

संक्रांत झाल्यावर तो पोरगा माझ्या दुकानात आला. जालन्याच्या एका स्टीलच्या कारखान्यात लागतो आहे, त्याचे कागद काढायचे होते. अंगानं उतरला होता. मी झेरॉक्स काढत होतो, तो काउंटरवर कोपरं टेकून उभा होता, आणि मध्येच म्हणाला, "काका, खरं सांगा. मी असतो तं जिंकलो असतो का आपण?"

मी मशीनचं झाकण उघडलं, कागद सरळ केला, पुन्हा झाकण लावलं. "न्हाई रे," मी म्हणालो. "तू असता तरी हरलोच असतो. ती पोरं लईच भारी होती. तुझ्यानं काय फरक पडला असता?"

त्यानं श्वास सोडला. "मंग बरं झालं," तो म्हणाला. "घरी अण्णांला सांगतो. रोज इचारत्यात. जेवता जेवता ताट सारून इचारत्यात." कागद घेतले, पिशवीत घातले आणि गेला. जाताना हसला, बऱ्याच दिवसांनी.

सर, हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. गावात असली गोष्ट लपत नाही, चहाच्या टपरीवरून ती त्या ओसरीवर पोचायला वेळ लागायचा नाही, आणि तसं झालं तर त्याचा बाप पुन्हा ताट सारील. पण कुठंतरी बोलल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं, म्हणून तुम्हाला लिहिलं. दोन गुण म्हणजे त्या पोराचा एक हात. तो असता तर आपण जिंकलो असतो, सर. सहज जिंकलो असतो.