मुदतवाढीचे पेढे

जोगेश्वरी पूर्व
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय राजेशराव,

जावयाला पत्र लिहायचं तर वर 'चि.' घालून 'यांस अनेक आशीर्वाद' असं लिहितात, हे मला माहीत आहे. पण ते लिहिलं की पुढे आपोआप क्षेमकुशल येतं आणि पत्र संपतं. मला तसं पत्र लिहायचं नाही, म्हणून 'प्रिय' लिहिलं. हसू नका. श्रुतिकाची आज रविवार असूनही हॉस्पिटलात ड्यूटी आहे. गार्गी बाहेर गॅलरीत खेळते आहे आणि मी खिडकीपाशी, तुम्ही बसता त्या खुर्चीत बसले आहे. फोन आहे की, असं म्हणाल. पण आपल्या एका खोलीत फोनवर बोललेलं शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत जातं, आणि तुम्ही तिकडून, गावाहून, 'हं, हं, बघूया' एवढंच बोलता. गेल्या वेळी मी विचारलं, जेवलात का? तर म्हणालात, बघूया.

इकडची मोठी बातमी म्हणजे भाऊंनी नळावर पेपर वाचून दाखवणं बंद केलं आहे. तळमजल्यावरचा हा माणूस, रोज सकाळी पाणी भरणाऱ्या बायकांना अख्ख्या जगाच्या बातम्या सांगायचा. आता पेपर काखेत मारून बसतो आणि कुणी विचारलं तर म्हणतो, तुम्हीच वाचा बाई, नंतर मला शिव्या नकोत. रोज येऊन मला मात्र विचारतो, 'वहिनी, राजेशचा फोन?' आला होता, म्हणते मी. 'माझ्याबद्दल काय म्हणाला?' मी सांगते, बघूया म्हणाले. तेवढ्यावर बिचारा खाली जातो. गणपतीत विसर्जनाआधीचं गाऱ्हाणं नेहमीसारखं भाऊंनीच घातलं. 'बा देवा म्हाराजा, ज्येच्या हाताक काम नाय, तेच्या हाताक काम दी रे म्हाराजा,' असं म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं, पण ते कसं पोकळ झालं. दरवर्षी विसर्जनाला तुम्ही इथे यायचात, तेव्हा तुमचा 'व्हय' ऐकून वरच्या मजल्यावरची झोपलेली पोरं रडत उठायची. यंदा कुणीच उठलं नाही.

भाऊंवर तुमचा राग आहे का, मला माहीत नाही. मला विचाराल तर नसावा. त्यांनी वाचलं ते खोटं नव्हतं. साकीनाक्याचा तुमचा नळांचा कारखाना बंद झाला, मरोळची भाड्याची जागा सोडून तुम्ही तिघं इथे आलात, तेव्हा ईएसआयच्या बेकारी भत्त्याचं मीच पेपरात वाचून तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही केवढे चिडलात! मी काय हात पसरू, म्हणालात. दर महिन्याला पगारातून कापून घेत होते तेव्हा त्यांनी हात पसरला होता की तुम्ही, असं मी म्हटलं, तेव्हा कुठे गेलात. तीन महिने अर्ध्या पगाराएवढे पैसे आले आणि तुम्ही गार्गीच्या शाळेची फी भरून टाकलीत. मग श्रावणात भाऊंनी नळावर मोठ्याने वाचलं, बेकारी भत्त्याच्या योजनेला मुदतवाढ. तुम्ही एका गालाला साबण तसाच ठेवून जिना उतरलात. पेपर हातात घेऊन दोनदा वाचलात आणि तशाच गालाने पेढे आणायला गेलात. अख्ख्या चाळीत वाटलेत. हातात काही पडलं नाही तोवर पेढे कसले, असं मला वाटलं होतं, पण तुमचा चेहरा इतक्या महिन्यांनी उजळला होता. मीही एक पेढा उचलला.

आणि ईएसआयच्या ऑफिसातल्या बाईंसाठी वेगळा बॉक्स नेलात. पहिल्या वेळी त्या नीट बोलल्या होत्या म्हणून. मी डोळे दाखवायला तुमच्याबरोबर निघाले होते, म्हणून बाकावर बसून सगळं बघितलं. त्यांनी विचारलं, पेढे कशाचे? मुलगी झाली का? तुम्ही सांगितलंत. त्या चष्म्यातून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, 'अहो, योजनेची मुदत वाढली, तुमची नाही. तुमचे तीन महिने घेऊन झाले. आयुष्यात एकदाच मिळतं ते.' आणि बॉक्स तुमच्याकडे परत सरकवला. रांगेतला कुणी तरी ओरडला, 'मॅडम, परत नका करू, इकडे पास करा!' आणि सगळी रांग हसली. तुम्ही बॉक्सचं झाकण लावलंत. दोन पावलं आलात, परत वळलात, झाकण काढून त्या ओरडणाऱ्याच्या हातावर पेढा ठेवलात. तोही बेकारच असणार, नाहीतर त्या रांगेत कशाला उभा राहील? लोक त्या दिवसाची काय आठवण ठेवतात ठाऊक नाही. मी हीच ठेवली आहे.

घरी येताना बसमध्ये तुम्ही बॉक्स पिशवीत तळाशी सारलात. चाळीत शिरताना कुणी तरी म्हणालं, 'काय पेढेवाले!' त्याच्या मनात काही नसेल, पण ते तुम्हाला कुठे लागलं ते मला दिसलं.

तुम्ही गावी गेल्यावर मी पुन्हा त्या ऑफिसात जाऊन आले. हे श्रुतिकालाही सांगितलेलं नाही. भांडायला नव्हते गेले, मला नीट समजून घ्यायचं होतं. त्या बाईंनी ओळखलं, 'पेढेवाल्यांच्या सासूबाई ना?' म्हणाल्या आणि शेजारची खुर्ची दिली. त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत असं बसवलं, की रेशनच्या दुकानाचा परवाना वाढला म्हणजे आपण उचललेला तांदूळ पुन्हा मिळत नाही. दुकान उघडं राहतं ते ज्यांनी अजून उचलला नाही त्यांच्यासाठी. मी म्हटलं, आणखी लांबवायची काही वाट नाही का? तर म्हणाल्या, कारखाना कायद्याने बंद झाला असता तर दुसरी एक योजना आहे, जास्त काळाची. पण तुमच्या मालकाने नुसतं कुलूप लावलं, बंदची कागदपत्रं केलीच नाहीत. म्हणजे तीही वाट नाही. हे मी गोड करून सांगत नाही, कारण तुम्हाला गोड केलेलं आवडत नाही. पण उठताना त्या आणखी एक बोलल्या. तो मथळा वाचून त्या आठवड्यात कितीतरी माणसं हेच विचारायला आली होती. तेव्हा चुकलेले तुम्ही एकटे नव्हता, राजेशराव. पेढे फक्त तुम्ही एकट्याने नेले होते.

आता थोडं रागावते. जाताना म्हणालात, पाच दिवसांचा गणपती करून येतो. मग दसरा झाला की येतो. मग दिवाळी. परवा श्रुतिकाला म्हणालात, तुळशीचं लग्न होऊ दे. सरकारने तुम्हाला मुदत वाढवून दिली नाही, पण तुम्ही स्वतःला सण बघून वाढवून देता आहात. तुमच्या वहिनींशी बोलले मी. तुम्ही अख्ख्या वाडीचे पंप दुरुस्त करता आणि कुणी पैसे दिले तर घेत नाही म्हणाल्या. 'भावजी दिवसभर राबतत आणि रातीक जेवूक बोलवूचा लागता,' असं सांगत होत्या. काम मिळाल्याशिवाय सासूच्या घरात पाय ठेवणार नाही, असं तुम्ही भावाला सांगितलंत, तेही मला कळलं. इकडे काम वाट बघतं आहे असं मी लिहिणार नाही. गेल्या आठवड्यात साकीनाक्याला जाऊन बघितलं. तुमच्या कारखान्याच्या शटरवर पार्सलवाल्यांची पाटी लागली आहे. आत पोरं खोके उचलतात. लेथ मशीन कुठे गेलं, तर कुणाला माहीत नाही. कामाची बातमी नाही, म्हणून काही हे पत्र थांबत नाही.

श्रुतिकाच्या बाबांबद्दल तुम्ही कधी विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही. ते गेले तेव्हा तुम्ही त्यांचं सगळं मुलासारखं केलंत, त्यामुळे सांगायचं राहिलं असं कधी वाटलंच नाही. त्यांची मिल बंद पडली तेव्हा श्रुतिका रांगायला लागली होती. तेही शिमग्याला म्हणून गावी गेले. मग भातलावणी, मग गणपती, मग पुढचा शिमगा. रिकाम्या हाताने यायचं नाही, असं त्यांनीही ठरवलं होतं. मी तेव्हा कांदिवलीला उदबत्त्यांच्या पुड्या बांधायला जायची. मला लिहिता येत नव्हतं. समोरच्या कुंदाताई पत्र लिहून द्यायच्या. त्यांच्या घरात त्यांचे यजमान, दीर, सासू, सगळी बसलेली असायची. त्या पेन धरून विचारायच्या, 'आणखी काय लिहू गं मालन?' आणि मी म्हणायची, लिहा, आम्ही सुखरूप आहोत, तुम्ही तब्येतीला जपा. बाकीचं त्या माणसांसमोर तोंडातून निघायचं नाही. तिकडे ते वाचायचे सुखरूप, आणि म्हणायचे, चाललंय ना त्यांचं, मग आणखी थोडं थांबू.

ते परत आले तेव्हा श्रुतिका दारात खेळत होती. तिने त्यांच्याकडे बघितलं, आत पळत आली, माझ्या मागे लपली आणि म्हणाली, आई, कोणतरी काका आलेत. ते हसले. मग म्हणाले, तोंड धुऊन येतो, आणि बराच वेळ नळावरच राहिले. पुढे श्रुतिका पहिलीत गेली, तेव्हा तिच्या पाटीशी मीही बसले. अक्षरं कळायला लागली तसं हातात येईल ते वाचत सुटले. त्यांना वाटायचं, मिलच्या निकालाच्या बातम्या वाचायला शिकते आहे. चिडवायचे, वकीलीणबाई म्हणायचे. मला खरं काय हवं होतं ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. मग ते कायमचे घरीच होते, सांगायची गरज उरली नाही. आता ते नाहीत. सकाळी मी अजून दोन कपांचा चहा ठेवते आणि तुम्ही इथे होता तोवर दुसरा कप तुम्ही न बोलता उचलायचात.

आज सकाळी गार्गी गॅलरीत शेजारच्या पोरांबरोबर भातुकली खेळत होती. ती आई झाली, वरच्या मजल्यावरचा निहार बाबा. तो पाटावर जेवायला बसला, तर ही त्याला म्हणते, 'इथे काय बसतोस? तू बाबा ना? मग जिन्याखाली जा. ते गाव आहे. तिथनं फोन करायचा.' तो बिचारा जिन्याखाली जाऊन बसला. थोड्या वेळाने ओरडला, मी येऊ का वर? तर ही म्हणाली, 'नाही रे, बाबा नाही येत. बघूया म्हणायचं.' ती रडत नव्हती, राजेशराव. तिला त्यात काही वावगं वाटतच नव्हतं. म्हणून मी आत आले, चष्मा लावला आणि कागद घेतला. त्या वेळी मला लिहिता येत नव्हतं ते आता येतं, आणि आज समोर कुंदाताईंच्या घरची माणसं ऐकत बसलेली नाहीत. परत या. काम मिळालं नसलं तरी या, रिकाम्या हाताने या. तुम्ही बसता ती खुर्ची त्यांची आहे, त्यांच्यामागे मी ती तुम्हाला दिली आहे, आणि ती काही पाहुण्याला दिलेली नाही. पाहुण्याला मुदत असते आणि ती संपली की वाढवून घ्यावी लागते. घरच्या माणसाला कसली मुदत? निहार अजून जिन्याखाली बसला आहे, त्याला मी आता वर जेवायला बोलावते. माझं गाऱ्हाणं घालून झालं. 'व्हय म्हाराजा' तुम्ही म्हणायचं, आणि ते फोनवर नाही, चाळीच्या जिन्यात उभं राहून, वरची पोरं जागी होतील एवढ्या आवाजात.

तुमचीच,
आई