गाठ पाठीत, बोंब अंगठ्यात

प्रिय बाकबंधू,

ठक, ठकठक, ठक! टेबलावर डस्टर आपटून गुरुजी कवितेचा ताल धरायचे, तो आवाज आज सकाळपासून कानात आहे. सारा वर्ग एका सुरात आणि तू एक ओळ मागे. (अजूनही असशील.) असो. तुझे गुडघे काय म्हणतात? वहिनी बऱ्या आहेत ना? मी ठणठणीत आहे. हे वाचून दचकशील, कारण चार दिवसांपूर्वीच्या पत्रात मी तुझा कायमचा निरोप घेतला होता.

झाले असे, की महिनाभर डाव्या खांद्यापासून थेट अंगठ्यापर्यंत ठणका. डावा हात म्हटल्यावर सूनबाईने मला जवळजवळ उचलूनच डॉक्टरांकडे नेले. ईसीजी निर्दोष निघाला. मग त्यांनी पाठ चाचपली आणि म्हणाले, "हृदय उत्तम आहे आजोबा, पाठीत गाठ आहे." पुढेही ते बरेच बोलले, पण मी 'गाठ' या शब्दापाशीच थांबलो होतो. (कवितेतही एखादा शब्द आवडला की मी पुढच्या ओळीला जात नाही. हा आवडला नव्हता, एवढाच फरक.) घरी येऊन खिडकीतल्या उन्हाकडे ओल्या डोळ्यांनी पाहिले, शब्दकोश नातीला देऊन टाकला आणि तुला ते पत्र लिहिले.

काल सूनबाईने डॉक्टरांनी सुचवलेल्या फिजिओथेरपीच्या बाईंकडे नेले. मी निर्वाणीच्या चेहऱ्याने पालथा पडलो. बाईंनी खांद्यामागे एका जागी अंगठा रोवला, आणि बोंब माझ्या अंगठ्यातून निघाली! "आजोबा, इथला स्नायू आखडून बसलाय. बसलाय इथे, दुखवतोय तिथे." लख्ख कळले. मागच्या बाकावरचा चिमटा काढतो, ओरडतो पुढचा. आणि मी महिनाभर बिचाऱ्या पुढच्यालाच मलम चोळत होतो. "म्हणजे गाठ ती... ती नव्हे?" मी चाचरत विचारले. "ती कुठली? दोऱ्याला पडते तशी. झोपून काय उद्योग करता?" कुशीवर पडून, हात लांब करून जाडजूड कवितासंग्रह पेलतो, हे कबूल करावे लागले. "मग जरा पातळ कवी वाचा," म्हणाल्या.

दाबून, शेकून अंगठा गप्प झाला. येताना मी रस्ताभर मोठ्याने कविता म्हणत आलो. सूनबाई चार पावले मागून, ओळख नसल्यासारखी.

तुझा,
अजून असलेला मित्र

ता. क. ते पत्र फोडले नसशील तर फोडू नकोस, फोडले असशील तर जाळ. लग्नाआधी तू स्वतःची म्हणून वहिनींना दिलेली कविता माझी होती, हे 'मी गेल्यावर तरी त्यांना सांग' असे त्यात लिहिले आहे. मी गेलेलो नाही. तेव्हा सांगू नकोस. इतक्या वर्षांचा सुखाचा संसार माझ्या एका आखडलेल्या स्नायूपायी बिघडायला नको.

ता. ता. क. बेल वाजली. पोस्टमन असेल तर हे त्याच्याच हाती देतो.

पोस्टमन नाही. वहिनी आहेत! हातात माझे पाकीट, फोडलेले. त्या पाणी पिताहेत तेवढ्यात लिहितो. "भावजी, ह्यांना चष्मा सापडेना म्हणून मलाच वाचायला लावलं," म्हणाल्या. "तुम्ही धडधाकट दिसताय, बरं वाटलं. आता बसा आणि त्या कवितेचं राहिलेलं शेवटचं कडवं म्हणा. लग्नापासून मागतेय, हे म्हणतात आठवत नाही."

मित्रा, ते कडवे मी कधी लिहिलेलेच नाही.