तिसरा पंच

मुरुम, आषाढ, सन १९४८

व्याही ईरण्णा यांना महालिंगप्पाचे शरणार्थ.

करोडगिरीच्या जकात नाक्यावर दोन्ही बाजूंनी गाड्या अडकल्यात. तुमच्या अक्कलकोटाकडून मीठ येत नाही, आमच्या निजामाकडून शेंगा सुटत नाहीत. शाळा न शिकता मी तुमच्या सरकारच्या अन् निजामाच्या कराराचं चौथं कलम वाचलंय. वाद पडला तर दोघांनी एकेक पंच द्यायचा आणि त्या पंचांनी तिसरा निवडायचा. बाजारात सगळ्यांना हे मीच समजावून सांगतो.

तुम्ही निरोप धाडता, सुनेला नातवासकट आमच्याकडं पाठवा, इकडं धोका नाही. मी म्हणतो, निकाल लागू द्या, वाट खुली होऊ द्या. काल लेक गंगम्मानं अळणी आमटी वाढली अन् विचारलं, "अप्पा, तिसरा पंच नेमला का?"

"न्हाय अजून."

"अन् पहिले दोन?"

मी भाकरी मोडत बसलो.

"मग तुमच्या अन् मामंजींच्या भांडणात तिसरी मीच. उद्या निघते. तुमचं कलम ऱ्हाऊ द्या उशाला."

तेव्हापासून मी बैलगाडीच्या चाकांचं वंगण पुन्हा पुन्हा बघतोय. वाटेवर रझाकार आहेत, हे तिलाही ठाऊक आहे. तिला अडवायला माझ्याकडं आता कलम उरलं नाही.

हे पत्र टपालात टाकत नाही. त्याच्या आधी आम्हीच पोचू. कासरा माझ्या हाती असेल. पोचलो तर जेवायला थांबेन. आमटीत मीठ बेतानं घाला, सवय राहिली नाही.

तुमच्या नातवाचा आजा,
महालिंगप्पा